शब्दांची सोयरीक

'गाय : गोठा :: घोडा : ?' हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी कधी ना कधी सोडवलेला असतो आणि 'तबेला' हे उत्तर त्यांना पाठ असते. शिष्यवृत्तीच्या अभ्यासक्रमात या घटकाला समसंबंध म्हणतात. मार्गदर्शकांत कुठे सहसंबंध, कुठे शब्दसंबंध असे लिहिलेले दिसते. ही पुस्तिका या एकाच घटकाबद्दल आहे. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेड आणि भोवतालच्या गावांत तिसरी ते आठवीच्या मुलांना तो कसा शिकवावा, याचा विचार करताना जे हाती लागले ते तिच्यात आहे. प्रस्तावना थोडी लांबली आहे. त्याला कारण असे की हा घटक आपण वर्गात उलट्या टोकाने शिकवतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ते नीट सांगितल्याशिवाय पुढची सरावाची पाने हाती देणे मला बरे वाटेना.

उलटे टोक म्हणजे उत्तर. आपण जोड्यांच्या याद्या देतो. गाय–वासरू, घोडा–शिंगरू, मेंढी–कोकरू, शेळी–करडू. पक्षी–घरटे, वाघ–गुहा, मधमाशी–पोळे. मुले त्या घोकतात आणि यादीतली जोडी परीक्षेत आली की गुण मिळतो. यादीबाहेरची आली की तेच हुशार मूल गोंधळते, आणि आपण म्हणतो, याचा सराव कमी पडला. मग आणखी मोठी यादी. या सगळ्या खटाटोपात गाय आणि गोठा यांच्यामध्ये नेमके काय आहे, हे मुलाला कोणी विचारलेलेच नसते. प्रश्न मात्र तेवढाच असतो. दोन शब्दांतले नाते ओळखायचे, ते उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचे, आणि तिथे ते बसते का ते पाहायचे. उत्तराचा शब्द त्यातून आपोआप निघतो.

वर्गात मी त्याला सोयरीक म्हणतो. 'या दोघांची सोयरीक काय?' एवढे विचारले की वऱ्हाडातल्या कोणत्याही पोराला काय विचारले ते कळते.

चौथीच्या वर्गातला एक तास इथे सविस्तर सांगतो. फळ्यावर लिहिले होते, 'कापूस : जीन :: तूर : ?' आणि खाली चार पर्याय: शेत, चक्की, दालमिल, वरण. पहिले सात-आठ हात वर आले ते 'वरण' म्हणत. एकाने तर खात्रीने सांगितले, "सर, तुरीचं वरणच त होते." मी बरोबर-चूक काहीच न सांगता विचारले, कापूस आणि जीन यांची सोयरीक काय? वर्ग थांबला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील हंगामात जिनावर कामाला जातात. ती म्हणाली, "कापूस जिनात जाते, तेथी सरकी येगळी होते न रुई येगळी होते." मग तूर? "तूर दालमिलीत जाते, टरफल येगळं होते न दाळ येगळी होते." एका मुलाला ते पटले नाही. "चक्की काहून नाही सर? चक्कीतबी त तूर दळते." मी उत्तर देण्याआधी तीच मुलगी म्हणाली, "चक्कीत काही येगळं नाही होत. सारं पीठच होते."

हा प्रश्न तयार करताना माझ्या मनात साधे नाते होते: पीक आणि त्यावर जिथे प्रक्रिया होते ती जागा. तेवढ्या नात्यावर 'चक्की' बाद करता येत नाही. त्या मुलीचे वाक्य माझ्या वाक्यापेक्षा घट्ट होते, म्हणून तिला चक्की बाद करता आली. हा सबंध घटक कसा शिकवावा याचे उत्तर मला त्या एका वाक्यात दिसते. मुलाने पर्यायांकडे पाहण्याआधी पहिल्या जोडीचे नाते पूर्ण वाक्यात, तोंडाने, मोठ्याने सांगावे. मग तेच वाक्य शब्दही न बदलता दुसऱ्या जोडीला लावून पाहावे. 'या दोघांचा संबंध आहे' हे वाक्य चालणार नाही. संबंध जगात सगळ्यांचाच सगळ्यांशी असतो.

'वरण' म्हणणाऱ्या मुलांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. ती अडाणी नाहीत, बेसावध तर मुळीच नाहीत. त्यांनी तिसरा शब्द वाचला आणि त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द उचलला. तूर म्हटले की वरण आठवणारच. प्रश्न काढणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून चारांतला एक पर्याय तो मुद्दाम असाच ठेवतो. पहिली जोडी न वाचताच उत्तर देण्याची ही सवय याद्या घोकण्यातून आणखी पक्की होते, कारण यादीतही शब्दाशेजारी शब्दच असतो आणि मधली जागा कोरी असते. मुलाला 'चूक' म्हणून खाली बसवले तर त्याला आपले काय चुकले ते कळत नाही. त्याला 'कापूस आणि जीन' कडे परत नेले तर तीस-चाळीस सेकंदांत कळते.

वाक्य घट्ट करण्याचा सराव या पुस्तिकेत सगळ्यात जास्त पाने घेतो. सैल वाक्याचे नमुने वर्गात भरपूर मिळतात. 'गाय गोठ्यात असते' हे सैल आहे, कारण त्या हिशेबाने 'घोडा मैदानात असतो' हेही चालेल. 'गाय बांधायची जागा म्हणजे गोठा' म्हटले की मैदान आपोआप गळते. 'पेन : शाई :: दिवा : ?' घ्या. पर्याय तेल, वात, उजेड, काच. 'पेनात शाई असते' म्हटले तर तेलही चालते, वातही चालते. 'पेन चालते तसतशी शाई संपत जाते' म्हटले तर उजेड आणि काच गळतात, पण वात गळत नाही, कारण वातही जळून संपते. 'संपली की पुन्हा ओतायची' म्हटले की एकटे तेल उरते. एकदा एक मुलगा म्हणाला की आता पेनात कोणी शाई ओतत नाही, रिफिलच बदलतात, आणि वातही बदलतात, म्हणजे वात हेच खरे. त्याचे वाक्य त्याच्या नात्याला पूर्ण धरून होते. मी ते फळ्यावर लिहिले आणि दोन्ही उत्तरे तशीच ठेवली. परीक्षेत तेल लिही, हेही त्याला सांगितले, कारण प्रश्न काढणाऱ्याच्या मनात दौत आहे. प्रश्न काढणारा काय धरून चालला आहे याचा अंदाज घेणे हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे, आणि ती मुलापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

दिशेचा एक धडा वेगळा काढला आहे. 'कोकरू : मेंढी' आणि 'मेंढी : कोकरू' यांत मुलांना फरक दिसत नाही. वाक्य बोलून घेतले की दिसतो. 'कोकरू हे मेंढीचे पिल्लू' हे वाक्य उलटे फिरवून 'मेंढी हे कोकराचे पिल्लू' असे म्हटले की वर्ग हसतो, आणि हसला की समजले म्हणायचे.

आता आपल्या मातीतला एक नमुना सांगतो, कारण तो मला फार मोलाचा वाटतो. 'तूर : तुराटी :: कपाशी : ?' असे विचारले तर हिवरखेडच्या पोराला पर्याय द्यावे लागत नाहीत, 'पऱ्हाटी' हे उत्तर एका आवाजात येते. पुढे 'ज्वारी : ?' विचारा, कडबा येतो. 'हरभरा : ?' विचारा, कुटार येते. आतापर्यंत सगळे सोपे. पीक काढून घेतल्यावर मागे उरते ते, एवढे नाते सगळ्यांना पुरते. मग विचारायचे, या चार जोड्यांतली सोयरीक खरेच सारखी आहे का? थोडा वेळ जातो. मग कोणीतरी सांगते की तुराटी-पऱ्हाटी चुलीत जाते, आणि कडबा-कुटार ढोरे खातात. म्हणजे एका वाक्याने चारही जोड्या एकत्र आल्या आणि दुसऱ्या वाक्याने त्यांचे दोन-दोनचे भाग पडले. दोन्ही वाक्ये खरी. नाते किती मोठे धरायचे आणि किती बारीक, हे आपण ठरवतो, आणि बाकीच्या जोड्या पाहून ठरवतो. ही समज नववी-दहावीच्या विज्ञानाला, पुढे कायद्याला, औषधालाही लागते. ती चौथीच्या मुलाला कुटारातून येते, त्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाच्या जगात जावे लागत नाही.

गावांच्या नावांचाही एक छोटा खेळ दिला आहे. हिवरावरून हिवरखेड, तसे बाभळीवरून बाभुळगाव, चिंचेवरून चिंचखेड, पळसावरून पळसखेड. मुले आपापल्या मामाच्या गावाची भर घालतात आणि मध्येच कोणीतरी असे नाव सांगते की त्यात झाडच सापडत नाही. तिथे थांबून शोधायला वेळ द्यावा.

लहान मुलांना हे झेपते का, अशी शंका अनेक शिक्षक घेतात. मानसशास्त्रातही ती बराच काळ होती. पियाजे आणि इनहेल्डर यांच्या मांडणीनुसार नात्यांमधले नाते ओळखणे ही अकरा-बारा वर्षांनंतरची गोष्ट. १९९० साली उषा गोस्वामी आणि अ‍ॅन ब्राउन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अगदी लहान मुलांना चित्रे दाखवली. चॉकलेट आणि वितळलेले चॉकलेट, मग बर्फाचा माणूस आणि पुढे काय? तीन-चार वर्षांची मुलेही यातली बरीच उत्तरे बरोबर देतात असे दिसले, मात्र एका अटीवर: वितळणे, कापणे यांसारखे मधले नाते त्यांच्या ओळखीचे असले पाहिजे. आधीच्या प्रयोगांत मुले अडत होती ती बऱ्याच अंशी नातेच अनोळखी असल्यामुळे. शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. वय वाढण्याची वाट पाहण्यापेक्षा ओळखीचे नाते शोधणे आपल्या हातात आहे. बर्फाचा माणूस आपल्याकडे नाही, पण गूळ आणि पाक आहे, दूध आणि दही आहे, बोंड आणि फुटलेले बोंड आहे.

ओळखीचा हा मुद्दा एका प्रसिद्ध प्रश्नाने अमेरिकेत फार गाजवला. तिथल्या सॅट या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेत 'धावपटू : मॅरेथॉन' अशी जोडी देऊन पर्याय दिले होते: दूत आणि वकिलात, हुतात्मा आणि कत्तल, वल्हवणारा आणि नौकाशर्यत, पंच आणि स्पर्धा, घोडा आणि तबेला. उत्तर नौकाशर्यतीचे. ज्या घरांत नौकांच्या शर्यती कधी कोणी पाहिल्या नव्हत्या त्या घरांतली मुले इथे मागे पडली, आणि हा प्रश्न तर्क तपासतो की घरची श्रीमंती, असा वाद वर्षानुवर्षे चालला. २००५ साली त्या परीक्षेतून हा प्रकारच वगळण्यात आला. वगळण्यामागची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण शब्द परके होते म्हणून नाती शोधण्याचे शिक्षणच टाकून द्यावे, हे मला मान्य नाही. शब्द बदलावेत. आपल्याकडच्या सराव पुस्तकांतही असे प्रश्न असतात. वल्हे आणि नाव, दर्यावर्दी आणि होकायंत्र. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या, वान नदी पाहिलेल्या आणि समुद्र न पाहिलेल्या मुलाला हे शब्द शिकवायचे नाहीत असे मी म्हणत नाही. आधी त्याच्या शब्दांत नाते पकडायला शिकवा आणि मग त्याच नात्याच्या दोरीने होकायंत्र त्याच्यापर्यंत आणा, एवढेच म्हणतो. घोड्याचेही तेच. "घोडा आमच्या गावात वरातीतच येते," असे एका मुलाने सांगितले होते. तबेला त्याने पाहिलेला नव्हता. 'ढोरं : कोठा' मात्र त्याच्या घरचेच होते.

इथे आपल्या पट्ट्यातली आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसन होऊन अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत आलेल्या गावांत कोरकू कुटुंबे आहेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे कूळ जुळत नाही. त्या घरातले मूल पहिलीत येते तेव्हा मराठी त्याला शाळेतच भेटते. त्याला 'शिंगरू' येत नाही म्हणून तर्क येत नाही असे ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पुस्तिकेतले पहिले सगळे सराव म्हणूनच वस्तूंचे आणि चित्रांचे आहेत: कुलूप-किल्ली, सुई-दोरा, बी आणि रोप. मुलाने नाते कोरकूत सांगितले तरी चालेल, वर्गात ते समजणारे दुसरे मूल असतेच. उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षकांनीही ही पाने आपल्या शब्दांत बदलून घ्यावीत. नाते भाषांतरात हरवत नाही. हरवते ते फक्त यादीचे पाठांतर.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना चार चित्रे दाखवली होती: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातले वेगळे कोणते? शाळेत न गेलेले शेतकरी ओंडका बाजूला काढायला तयार होईनात. ओंडका नसेल तर करवत-कुऱ्हाडीचे काय करायचे, असा त्यांचा सवाल होता. आपल्या वर्गात 'वखर, तिफण, डवरा, बैल' लिहून पाहा. बैल वेगळा म्हणणारी मुले असतील. बैलाशिवाय बाकीची तिन्ही चालतच नाहीत म्हणणारीही असतील. एखादे मूल म्हणेल की तिफणच वेगळी, ती पेरते, बाकी अवजारे माती हलवतात. परीक्षेला पहिले उत्तर हवे असते. पण दुसरे आणि तिसरे उत्तर देणाऱ्या मुलांनीही नातेच पाहिले आहे, आणि दुसऱ्याने पाहिले ते कामाचे, शेतातले नाते आहे. शाळेने त्या नजरेत भर घालावी, ती पुसू नये. हे मी अगदी आग्रहाने सांगतो, कारण ग्रामीण मूल बुद्धिमत्ता चाचणीत कच्चे असते असे आपणच आपसांत बोलत असतो.

परीक्षांबद्दल बोलायलाच हवे. पालक आपल्याकडे मुलाला त्यासाठीच पाठवतात आणि त्यांचे काही चुकत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आधी चौथी-सातवीला असायची, २०१७ मध्ये ती पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. दुसऱ्या पेपरात ५० प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे, समसंबंध त्यातच येतो, आणि शब्दांबरोबर संख्या आणि आकृत्यांचाही येतो. आठवीनंतरच्या शिक्षणासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतल्या मुलांना वर्षाला १२,००० रुपये देणारी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, तिच्या बौद्धिक क्षमता चाचणीतही ९० प्रश्न असतात. कपाशीचा भाव पडलेल्या वर्षी ही रक्कम घरात काय करते, ते इथल्या शिक्षकाला सांगायला नको. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न आकृत्यांचे असतात, तिथेही आकृतीतले नाते ओळखून पुढे नेणे हेच काम. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली, त्यातले एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला, ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो.

'सर, वाक्य करत बसायला परीक्षेत वेळ कुठे?' हा प्रश्न मला शिक्षकच जास्त विचारतात. ७५ प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पण वेळ कुठे जातो ते पाहा. नाते न ठरवता मूल चारही पर्याय एकेक करून तोलत बसते आणि शेवटी अंदाजाने गोल रंगवते. ज्याचे वाक्य तयार आहे ते मूल पर्यायांवरून एकदाच नजर फिरवते. काही आठवडे मोठ्याने वाक्ये केली की पुढे ती मनातल्या मनात होऊ लागतात. आठवीच्या शिष्यवृत्तीत तर प्रत्येक पेपरात २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय असू शकत आणि दोन्ही नोंदवावे लागत. तिथे 'सगळ्यात जवळचा वाटतो तो' हा अंदाज अजिबात कामाला येत नसे. दोन पर्याय बसतात का, हे वाक्याच्या कसोटीवरच कळते.

हा सगळा प्रकार बाहेरून आलेल्या चाचण्यांचा आहे, आपल्या परंपरेत तो नव्हता, असे समजणाऱ्यांसाठी थोडे मागे जातो. चाचण्यांचा साचा बाहेरूनच आला, हे खरे. बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतण्याचे मोठे काम व्ही. व्ही. कामत यांनी केले, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मधले आहे. १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू करणाऱ्या अप्पा पेंडसे यांनी गिलफर्ड यांच्या बुद्धिमत्तेच्या प्रतिमानावर काम उभे केले, आणि त्या प्रतिमानात संबंध ओळखणे ही एक स्वतंत्र गोष्ट मानलेली आहे. पण विचार करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत त्रैराशिक आहे: प्रमाण, फल आणि इच्छा ही तीन पदे दिली की चौथे काढायचे. पाच पेनांना पन्नास रुपये तर सात पेनांना किती, हे गणित ज्याला कळते त्याला 'अमुकला तमुक तर यमुकला काय' हेही कळायला हरकत नसावी. दोन्हींत पहिल्या जोडीतले नाते पुढे न्यायचे असते. गणिताच्या आणि भाषेच्या तासाला एकाच आठवड्यात हे दोन्ही घेऊन पाहा, मुले स्वतःच जोड लावतात. न्यायदर्शनाने तर उपमान हे ज्ञानाचे वेगळे साधनच मानले, प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्या जोडीला. त्यातला नेहमीचा दाखला गवय नावाच्या रानातल्या प्राण्याचा. गाईसारखा असतो एवढे ऐकलेला माणूस रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो. मेळघाटात रानगवा पाहिलेल्या मुलाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

मला सगळ्यात जवळचे वाटते ते रिद्धपूर. ते गाव मोर्शी तालुक्यातले, आणि त्या तालुक्यातही एक हिवरखेड आहे, संत्र्यांच्या पट्ट्यातले. रिद्धपूर महानुभावांचे मोठे स्थान, आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजांनी दृष्टांतपाठात एकत्र केले. तेराव्या शतकातला तो ग्रंथ. त्याची रचना शिक्षकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्रात मूळ विचार, दृष्टांतात रोजच्या जगातली गोष्ट, आणि दार्ष्टांतिकात त्या गोष्टीतले काय सूत्रातल्या कशाला लागू पडते ते उलगडून सांगितलेले. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. ती कोणीही रंगवून सांगेल. पण गोष्ट सांगून तिथेच थांबायचे नाही, गोष्टीतले हे म्हणजे विचारातले ते, अशी एकास एक जोड लावून दाखवायची, ही शिस्त त्या तिसऱ्या भागात आहे. आपण वर्गात दृष्टांत भरपूर देतो, दार्ष्टांतिक गाळतो. वीज नळातल्या पाण्यासारखी वाहते असे सांगतो आणि पुढे जातो. पाणी म्हणजे काय, नळ म्हणजे काय, तोटी म्हणजे काय, आणि ही तुलना कुठे तुटते, हे मुलांकडून काढून घेत नाही. नळ फुटला तर पाणी सांडते, तार तुटली तर वीज सांडत नाही. कुठे जुळत नाही हे शोधणे हा समसंबंधाचाच भाग आहे, परीक्षेत तो विचारत नाहीत म्हणून आपण विसरलो. विज्ञानाच्या पाठांतल्या अशा तुलना घेऊन सातवी-आठवीसाठी एक प्रकरण केले आहे. ते भाषेच्या शिक्षकांनी विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर बसून घ्यावे.

काही व्यावहारिक गोष्टी. पुस्तिकेच्या शेवटी उत्तरसूची नाही. ती विसरलेली नाही, ठेवलेलीच नाही. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी मोकळ्या आहेत, त्यांत मुलाने सोयरिकीचे वाक्य लिहायचे आणि तपासायचे तेच. वाक्य घट्ट असेल आणि उत्तर त्याला धरून असेल तर ते मान्य करावे, आपल्या मनातले उत्तर वेगळे असले तरी. जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव जरूर घ्यावा, पण परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत. त्याआधी नको. सुरुवातीचे पंधरा दिवस पेन्सिल हातात देऊ नये, सगळे तोंडी चालावे, आणि जे मूल गप्प बसते त्याला उत्तर न विचारता वाक्य विचारावे. संबंधांचे प्रकार, म्हणजे कार्यकारण, अंश-पूर्ण, साधन-कार्य वगैरे, शिक्षकांच्या सोयीसाठी एका पानावर दिले आहेत. मुलांकडून ते पाठ करून घेऊ नयेत. नावे पाठ झाली की मूल वाक्य करणे सोडते आणि चिठ्ठी चिकटवू लागते.

शेवटची काही पाने कोरी आहेत. त्यांवर मुलांनी स्वतः प्रश्न काढायचे आहेत. जोडी आणि बरोबर उत्तर सगळी मुले पटकन लिहितात. अडतात ती चुकीचे तीन पर्याय लिहिताना. पहिल्यांदा ती काहीही लिहितात, तुरीपुढे 'विमान' असे. मग शेजारचे मूल फसत नाही असे दिसते, आणि दुसऱ्यांदा 'वरण' येते. तिसऱ्यांदा 'चक्की'. दुसरा कुठे फसेल याचा विचार करताना मूल स्वतः कुठे फसत होते ते त्याला दिसू लागते. या कामाला घाई करू नये, एका तासात एक प्रश्न झाला तरी पुष्कळ. तयार झालेले प्रश्न शेजारच्या शाळेशी बदलून घ्यावेत. हिवरखेडचे दानापूरला, तेल्हाऱ्याचे अकोटला. ज्या पर्यायाने दुसऱ्या शाळेतली मुले फसली त्यावर खूण करून वही परत पाठवावी, आणि का फसलो ते त्यांनी एका वाक्यात लिहावे.